श्वास संपला, वाक्य संपलं

३ जून

आज हिरवीच्या वर्गाची पाटी लागली. माझ्या खिडकीच्या अगदी समोर, धोब्याच्या दुकानावरच्या मजल्यावर. रस्ता एवढा अरुंद की तिने तिकडे खडू उचलला तरी मला इकडे दिसतो. एवढ्या शहरात तिला हीच जागा मिळाली. नाकावर टिच्चून घेतली असणार.

तिचं खरं नाव मी या वहीत लिहिणार नाही, तेवढा मान द्यायची इच्छा नाही. ती पेपर हिरव्या शाईने तपासायची. लाल शाईने माणसं घाबरतात म्हणे. मी लालच वापरते आणि माझ्या लाल शाईने आजवर कुणी मेलेलं नाही. तेव्हा हिरवी.

इतकी वर्षं आम्ही दोघींनी मिळून हा वर्ग चालवला. नोकरी करणाऱ्या मोठ्या माणसांना इंग्रजी लिहायला शिकवायचं, अर्ज, अहवाल, भाषेच्या परीक्षेचे निबंध. मार्चमध्ये मी नवी पाटी रंगवून घेतली. जागा कमी होती म्हणून माझं एकटीचं नाव घातलं, तर हिचं तोंड जे फुगलं ते फुगलंच. एवढ्याशा गोष्टीवरून कुणी भरला वर्ग मोडतं का? जाताना निम्म्या खुर्च्या नेल्या. बहुतेक सगळे विद्यार्थी तिच्या मागे गेले. आणि माझी पद्धतही नेली.

खुर्च्यांचं मी एक वेळ सोडून देईन. पण आज तिच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं मी इथून वाचलं: श्वास संपला, वाक्य संपलं. हे माझे शब्द आहेत. ते मला या खोलीत सुचले तेव्हा ती खाली चहा आणायला गेली होती.

ज्या दिवशी तिची पाटी उतरेल त्या दिवशी मी वर्गाला सुट्टी देणार. लिहून ठेवते.

६ जून

माझ्याकडे उरले पाच जण. त्यातले दोघे केवळ रस्ता ओलांडायच्या कंटाळ्याने उरलेत, असं चष्मेवाले काका म्हणतात. काकांचं दुकान खाली, माझा वर्ग वर. ते दिवसभर लोकांचे डोळे तपासतात, पण त्यांची स्वतःची नजर रस्त्यावर असते आणि तिला नंबर नाही.

पद्धत अशी. मोठ्या माणसांना इंग्रजी वाक्य थांबवता येत नाही. स्वल्पविराम देत देत ते पुढे जात राहतात. ‘द लिफ्ट वॉज नॉट वर्किंग, आय टूक द स्टेअर्स, माय बॉस वॉज अँग्री, आय सेड सॉरी.’ चार वाक्यं, सगळी एका दावणीला. बोलताना आपण असंच बोलतो, आणि मराठीत ते खपूनही जातं. इंग्रजीचे परीक्षक मात्र तिथेच गुण कापतात. व्याकरण सांगायला गेलं की या लोकांना घाम फुटतो. म्हणून मी म्हटलं, मोठ्याने वाचा, जिथे श्वास संपेल तिथे पूर्णविराम द्या. सोपं, आणि कुणाला लाज वाटायला नको. लोकांना ते फार आवडलं. हिरवीला सर्वांत जास्त आवडलं, ते दिसतंच आहे.

दुपारी ताईचा फोन आला. चिमणीची ऑगस्टमध्ये हीच परीक्षा आहे. चिमणी म्हणजे ताईची मुलगी. एकदा बोलायला लागली की मध्ये कुणाला शिरता येत नाही, म्हणून चिमणी. रक्त तपासायच्या एका लॅबमध्ये ती तात्पुरती लागली आहे. परीक्षा पास झाली तर कायम करतील, नाहीतर ऑगस्टअखेर घरी.

‘घेशील का तिला वर्गात?’ ताई म्हणाली.

‘नात्यातलं कुणी मी शिकवत नाही, माहीत आहे तुला.’

‘अगं, दादाच्या मुलाचं झालं ते झालं.’

‘तेवढं पुरे झालं.’

दादाच्या मुलाला शिकवलं तेव्हा चार लाल रेघांवरून वहिनी वर्षभर माझ्याशी बोलली नव्हती. तेव्हा कानाला खडा लावला. ताईने फोन ठेवला. चिमणी हुशार आहे, करेल तिचं ती.

१३ जून

आज वर्गात जे झालं ते नीट लिहून काढायला हवं.

पोहायला शिकवणारे मास्तर ‘माझं कामाचं ठिकाण’ या विषयावर पानभर लिहून आले. पहिला पूर्णविराम पानाच्या शेवटी. मी म्हटलं, मोठ्याने वाचा. त्यांनी वाचलं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एका दमात, घाई न करता.

‘बाई, श्वास संपलाच नाही,’ ते अगदी निरागसपणे म्हणाले. ‘पाण्याखाली मी याहून जास्त वेळ राहतो.’

सगळे हसले, मीही हसले. मग बँकेतून निवृत्त झालेल्या बाईंनी वाचलं. त्यांना दमा आहे. ‘आय वेंट टू. द बँक अँड. मेट द.’ त्यांनी प्रत्येक धापेला पूर्णविराम दिला होता, पद्धतीप्रमाणे, प्रामाणिकपणे. तेव्हा कुणी हसलं नाही.

वर्ग सुटल्यावर मी कपाटातले जुने पेपर काढून बसले. सगळीकडे तेच. दांडगी छाती असलेल्यांची वाक्यं लांबच लांब, घाबरटांची तुटकी. माझी पद्धत वाक्य मोजतच नाही, फुप्फुसं मोजते. जे पास झाले ते तिच्याशिवायही झाले असते.

पेपर परत कपाटात कोंबले. मग समोर नजर गेली. हिरवीने भरल्या वर्गाला उभं केलं होतं आणि सगळे तिच्या हातवाऱ्यावर छाती भरून श्वास घेत होते. मागे भिंतीवर माझे शब्द. आणि माझ्या मनात अशा उकळ्या फुटायला लागल्या की मला खिडकीतून बाजूला व्हावं लागलं.

घेतलीस ना माझी पद्धत? घे. पुरती घे. मी मूग गिळून बसणार. ऑगस्टमध्ये परीक्षा आहे, तिथे तिची शोभा आपोआप होईल. मला बोटसुद्धा उचलायला नको.

२० जून

आठवडाभर डोकं खाजवून नवी पद्धत बसवली. यात श्वासाचा काही संबंध नाही. पेन्सिल घ्यायची. वाक्यातलं काम शोधायचं, मग ते काम करणारा शोधायचा. ही दोन मिळाली की झालं एक बिऱ्हाड. दुसरा करणारा आणि दुसरं काम दिसलं की दुसरं बिऱ्हाड. दोन बिऱ्हाडांमध्ये नुसता स्वल्पविराम म्हणजे मध्ये पडदा लावणं. इंग्रजीला पडदा पुरत नाही. एक तर भिंत घाला, म्हणजे पूर्णविराम. किंवा दार ठेवा, म्हणजे बिकॉज, सो, बट यातला एखादा शब्द. अर्धविराम ही कमरेएवढी भिंत, शेजाऱ्यांचं पटत असेल तरच.

लिफ्टचं वाक्य फळ्यावर घेतलं. पाचही जणांनी मिळून त्याचं हे केलं: ‘बिकॉज द लिफ्ट वॉज नॉट वर्किंग, आय टूक द स्टेअर्स. माय बॉस वॉज अँग्री, सो आय सेड सॉरी.’ मास्तरांनी टाळी वाजवली. लांबीचा तर प्रश्नच नव्हता. मास्तरांचं एका ओळीचं वाक्य चुकीचं निघालं आणि बँकेच्या बाईंचं पाच ओळींचं बरोबर. बाईंना रडू आलं. त्यांना वाटत होतं, दमा आहे म्हणून आपल्याला इंग्रजी येणार नाही.

शेवटी मी सगळ्यांना बजावलं, ‘ही पद्धत परीक्षा होईपर्यंत या खोलीबाहेर जाता कामा नये.’

‘बाई, हे व्याकरण आहे की लॉकर?’ बँकेच्या बाई म्हणाल्या.

‘लॉकरच समजा,’ मी म्हटलं.

२९ जून

चिमणी आली होती. दारातून आत यायच्या आधीच सुरू झाली.

‘मावशी आईने डबा दिलाय आणि डबा आजच परत आण म्हणाली आणि माझी बस चुकली मग मी चालतच आले आणि खाली काका विचारत होते चष्मा कधी करतेस मी म्हटलं डोळे चांगले आहेत तर म्हणाले चांगल्या डोळ्यांचे पण करतो.’

मी जेवत होते तेवढ्यात तिने टेबलावरचा इंग्रजी पेपर उचलला आणि मोठ्याने वाचायला लागली. मध्येच खांदे वर करून मोठा श्वास घ्यायची. मी विचारलं, सर्दी झाली का? नाही म्हणाली. तिच्या पिशवीतून हिरव्या खुणांचा एक कागद डोकावत होता. लॅबमध्ये हल्ली प्रत्येक रिपोर्टला वेगळा रंग असतो, असं ती मागे म्हणाली होती.

‘अभ्यास कसा चाललाय?’ मी विचारलं.

‘चाललाय. मावशी, ती श्वासाची पद्धत तूच काढलीस ना?’

‘मीच काढली. दुसरं कोण काढणार?’

‘चांगली आहे ना ती? म्हणजे तिच्यावर अवलंबून राहिलं तर चालेल ना?’

माझा हात घासावर थांबला. चिमणीला सांगितलं की ताईला कळणार, ताईला कळलं की खाली काकांना कळणार, आणि काकांना कळलं की रस्त्याच्या पलीकडे जायला कितीसा वेळ.

‘उत्तम आहे,’ मी म्हटलं.

तिचा चेहरा एकदम खुलला. डबा न घेताच पळाली. संध्याकाळी ताईचा फोन, डबा कुठे आहे.

८ जुलै

झेरॉक्सच्या दुकानात हिरवी समोरासमोर आली. पळायला जागा नव्हती, मशीनमध्ये माझी पानं अडकली होती. ती वाळली आहे. चांगलं आहे.

‘कशी आहेस?’ ती म्हणाली.

‘मजेत.’

‘मला एक विचारायचं होतं. तुझ्या पद्धतीत मला काहीतरी खटकतंय. काही जणांचं सुधारतंच नाहीये. तू काढलीस, तुला जास्त कळेल. एकदा बसू या का आपण दोघी? वाटलं तर मी तुझ्याकडे येते.’

अरे वा, म्हटलं. माझं चोरायचं आणि वर मलाच दुरुस्त करून मागायचं.

‘पद्धतीत काही खटकत नाही,’ मी म्हटलं. ‘शिकवण्यात खटकत असेल.’

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘असेल. तू म्हणतेस म्हणजे पद्धत बरोबर असणार. मीच जरा जास्त मेहनत घेते.’ आणि माझी अडकलेली पानं तिने हळूच ओढून सोडवून दिली, कोपरासुद्धा न फाडता. तिला ते नेहमीच जमायचं.

घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात हसत होते. तिने स्वतःहून मान पुढे केली. ‘शिकवण्यात खटकत असेल’ हे वाक्य मला आयत्या वेळी कसं सुचलं कोण जाणे.

१७ जुलै

मास्तर वर्ग सुटल्यावर थांबले. त्यांची बायको समोरच्या वर्गात जाते. मला हे माहीत नव्हतं.

‘घरी रोज शेजारी बसून अभ्यास करतो आम्ही,’ ते म्हणाले. ‘ती श्वास घेत बसते, मी बिऱ्हाडं मोजतो. मला बघवत नाही. तिला सांगू का?’

‘परीक्षा झाल्यावर सांगा.’

‘परीक्षा झाल्यावर सांगून काय उपयोग?’

‘मास्तर, तिने कुठे शिकायचं ते तिने ठरवलं. मी नाही पाठवलं समोर.’

‘बाई, बुडणाऱ्याने फी दुसऱ्या तलावात भरली आहे का, हे आम्ही विचारत नाही,’ असं म्हणून खाली उतरले. त्यांना परीक्षेच्या वेळी असलं बोलणं शोभत नाही. मला रात्रीचं जेवण गेलं नाही, पण ते वांग्यामुळे असेल, जरा कडू होतं.

२ ऑगस्ट

मास्तर त्या दिवसापासून आलेले नाहीत. गेले तर गेले. बायकोला सांगितलं असेल तर एकटी बायको पास होऊन हिरवीचा वर्ग काही वाचत नाही.

समोर रोज उशिरापर्यंत दिवे असतात. जास्त मेहनत घेते आहे बिचारी. घे म्हणावं. चुकीच्या रस्त्यावर जोरात धावलं की माणूस लवकर लांब जातं.

ताईकडून कळलं की चिमणी हल्ली घरीही मोठमोठ्याने वाचत असते, शेजारी वैतागलेत. मी म्हटलं, वाचू दे, बरं असतं.

१० ऑगस्ट

परीक्षा झाली. माझ्या चौघांचे चेहरे फुललेले होते. बँकेच्या बाई म्हणाल्या, निबंधातली सगळी बिऱ्हाडं त्यांनी पेन्सिलने मोजली आणि मग त्या खुणा खोडल्या. समोरच्या वर्गातले लोक तिकडच्या जिन्यावरच भांडत होते, कुठे थांबायचं होतं आणि कुठे नाही. मी खिडकीत उभी राहून ऐकलं. नाटकाचं तिकीट काढूनसुद्धा एवढी मजा येत नाही.

२४ ऑगस्ट

निकाल. माझे चारही पास. मास्तर पास, त्यांची बायकोही पास. काकांनी दुपारभर ये-जा करत बातम्या पुरवल्या. समोरचे तीन चतुर्थांश नापास, सगळे लेखनाच्या पेपरात. लोक फी परत मागायला आले होते. हिरवी दारात उभी राहून एकेकाची माफी मागत होती आणि पद्धतीला एका शब्दाने दोष देत नव्हती, असं काका म्हणाले. ‘मी शिकवायला कमी पडले,’ एवढंच म्हणत होती.

माझंच वाक्य. झेरॉक्सच्या दुकानातलं. तिने ते जसंच्या तसं गिळलं.

काकांना दोनदा चहा पाजला. एवढं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. कसा धडा शिकवला. आणि माझ्यावर कुणी बोट ठेवू शकत नाही, कारण मी काही केलंच नाही.

आत्ताच ताईचा फोन आला. चिमणी लेखनात नापास. ताई रडत होती. उद्या जाऊन येते. आपलं आपण करायला गेली की असं होतं.

२५ ऑगस्ट

ताईकडे गेले. चिमणी गॅलरीत बसली होती. मी तिच्या शेजारी बसले आणि म्हटलं, पुन्हा बस परीक्षेला, एवढं काय त्यात.

‘पुढची परीक्षा वर्षाने आहे,’ ती म्हणाली. ‘लॅबने दुसरी मुलगी घेतली.’

‘कुठून करत होतीस अभ्यास?’

‘समोरच्या वर्गात जात होते.’

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि माझं डोकं फिरलं. ‘त्या बाईने मुद्दाम घेतलं तुला. माझी भाची म्हणून.’

‘त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही. तुम्ही दोघी बोलत नव्हता.’

‘मग तिच्याकडे गेलीस कशाला? गावात दुसरा वर्ग नव्हता?’

‘तिकडे तुझी पद्धत शिकवतात. तू नात्यातल्यांना शिकवत नाहीस. म्हटलं, मावशी नाही तर मावशीचं तरी शिकू.’

मी काहीतरी म्हणायला लागले. काय ते आता आठवत नाही.

‘मला मध्येच शंका आली होती,’ ती म्हणाली. ‘माझी वाक्यं सुधारत नव्हती. बाईंनाही शंका होती. पण त्या तुला विचारून आल्या. वर्गात आम्हाला सांगितलं, पद्धत जिची आहे तिला विचारलंय, ती बरोबर आहे.’ मग तिने माझ्याकडे पाहिलं. ‘मीही तुला विचारलं होतं, मावशी.’

ती सबंध वेळ अशीच बोलत होती. तुकडे तुकडे. प्रत्येक वाक्यानंतर थांबून. ही पोर एवढी थांबून बोललेली मी आयुष्यात ऐकली नव्हती. मध्ये शिरायला जागाच जागा होती आणि मला काही सुचत नव्हतं.

येताना बसमध्ये माझ्या लक्षात आलं, मास्तरांच्या बायकोला कुणीतरी सांगितलं म्हणून ती पास झाली. सगळा राग पुन्हा हिरवीवर काढायचा प्रयत्न केला. निघत नाही. कुणावर काढायचा ते समजत नाही.

७ सप्टेंबर

आज समोरची पाटी उतरली.

काका वर सांगायला आले, पण मी खिडकीतच होते. हिरवी स्वतः शिडीवर चढली होती. खाली शिडी धरायला चिमणी होती. घरीच असते आता, रिकामा वेळ आहे तिला. पाटी खाली आली तेव्हा दोघींनी ती दोन टोकांनी धरली आणि धोब्याच्या दुकानात टेकवून ठेवली. चिमणीने एकदा वर माझ्या खिडकीकडे पाहिलं. हात नाही केला.

ठरल्याप्रमाणे मी वर्गाला सुट्टी दिली. बँकेच्या बाईंनी विचारलं, कसली सुट्टी? मी म्हटलं, असंच. सगळे गेल्यावर खोलीत एकटीच बसून राहिले. आनंद यायची वाट बघत होते म्हटलं तरी चालेल.

थोड्या वेळाने जिन्यावर काहीतरी आपटत वर येत असल्याचा आवाज आला. चिमणी. हातात खुर्ची, आमच्या निम्म्या खुर्च्यांतली एक.

‘बाईंनी तुझ्या खुर्च्या परत पाठवल्यात,’ ती म्हणाली. ‘कुठे ठेवू?’

‘आधी बस तिच्यावर,’ मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. ‘श्वासाचं सोडून दे. ती चुकीची आहे, मला जूनपासून माहीत आहे. दुसरी पद्धत आहे, सोपी आहे, आठवड्यात येईल तुला. बस. आत्ता शिकवते.’

तिने खुर्ची भिंतीला लावली, सरळ केली, आणि तिच्या पाठीवर हात ठेवून क्षणभर उभी राहिली.

‘तू नात्यातल्यांना शिकवत नाहीस,’ ती म्हणाली, आणि दुसरी खुर्ची आणायला खाली गेली.